गावासाठी झटणाऱ्यांचा सन्मान : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोरी नदीच्या काठचं आमचं गाव. आम्ही चार-पाच जण मिळून दरवर्षी गावासाठी झटणाऱ्या माणसांचा छोटासा सन्मान करतो. शेजारच्या गावांनी ते पाहिलं, मग पारोळा, चोपडा, शिंदखेडा करत करत तळोद्यापर्यंतचे फोन यायला लागले. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. आमच्या हातून झालेल्या चुकाही यात आहेत.

स्वयंसेवक म्हणायचं तरी कोणाला?

जळगावचा रामरथ ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हे पटकन कळेल. १८७२ पासून कार्तिकी एकादशीला हा रथ निघतो. पुढे दोर धरायला ही गर्दी, कारण दोराला नुसता हात लागला तरी पुण्य. पण एवढा अवजड रथ वळवायचा कसा, आवरायचा कसा? ते काम मोगरीवाल्यांचं. चाकाजवळ कमरेत वाकून ते रथाबरोबर चालत असतात. लाकडाची मोगरी चाकाखाली सरकवायची, चाक अडलं की अडलं, आणि पुन्हा हलायच्या आत ती ओढून घ्यायची. हात जरा मागे राहिला तर बोटं जातील. त्या वेळी सगळ्यांच्या नजरा वर, देवाकडे असतात.

गावातही असे मोगरीवाले असतात. रात्री दोनला कोणाच्या घरी माणूस गेलं तर बांबू, सुतळी, कापड, मडकं, गवऱ्या याची जुळवाजुळव न सांगता करणारा एक जण असतो. तापीत कोणी बुडालं की ज्याला शोधत लोक मळ्यात जातात तो पट्टीचा पोहणारा असतो. बाळंतिणीला घेऊन जायला अर्ध्या रात्री स्वतःची गाडी काढणारा असतो, साप निघाला की हातातला घास ठेवून येणारा सर्पमित्र असतो, दहावीच्या पोरींना ओट्यावर बसवून फुकट गणित शिकवणारी सून असते. मोबदला नाही, काम एकदाचं नसून वर्षानुवर्षांचं आहे, आणि तो माणूस नसला तर गावाचं अडतं. या तीन गोष्टी जुळल्या की आम्ही त्याला स्वयंसेवक म्हणतो. सरपंचानं रस्ता केला तर ते त्याचं काम होतं, त्यासाठी हा सन्मान नाही.

निरपेक्ष काम करणाऱ्याचा सत्कार कशाला? त्यानं कामाचं पावित्र्य जात नाही का?

हा प्रश्न बहुतेक वेळा ज्याला स्वतःला हाराची सवय आहे असाच माणूस विचारतो, हा आमचा अनुभव. पण प्रश्न खरा आहे, म्हणून मनापासून उत्तर देतो.

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू होते, बांबू आणि गावातल्याच साध्या साहित्यातून उभारलेल्या त्या नगरीची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी केली, आणि खान्देशातले काँग्रेस कार्यकर्ते धनाजी नाना चौधरींनी त्यासाठी जिवाचं रान केलं, हे आपण अभिमानानं सांगतो. पण त्या हजारो माणसांसाठी पाणी कोणी भरलं, बांबू कोणी रोवले, रात्री उष्टी-खरकटी कोणी काढली? आपल्यापैकी किती जणांना त्यांच्यातली दोन नावं तरी सांगता येतील?

सत्कार त्या माणसासाठी थोडा आणि गावासाठी जास्त असतो. पोरांना कळायला हवं की आपल्या गावात मोठं कोणाला म्हणतात. पोस्टरवर जो दिसतो तोच मोठा असं त्यांना वाटायला लागलं, तर पुढे तिरडी बांधायला माणूस मिळणार नाही. काही गावांत आत्ताच मिळत नाही.

माणसं शोधायची कशी? नावं मागवली की पुढाऱ्यांचीच येतात.

नावं मागवूच नका. अर्ज, फॉर्म, “इच्छुकांनी संपर्क साधावा” असलं काही केलं की इच्छुकच येतात, आणि खरा माणूस इच्छुक नसतो.

आम्ही एकच प्रश्न घेऊन फिरतो : “अडीनडीला तुम्ही पहिला फोन कोणाला करता?” हा प्रश्न पारावर विचारायचा, पण तिथेच थांबायचं नाही. दळणाच्या गिरणीवर विचारायचा, एसटीच्या थांब्यावर विचारायचा, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरला, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशीला, नळाला पाणी सोडणाऱ्याला, मेडिकलवाल्याला विचारायचा. वाडीवस्तीवर जाऊन वेगळा विचारायचा, कारण गावदरवाज्याच्या आतली आणि बाहेरची उत्तरं वेगळी येतात. वेगवेगळ्या आळीतल्या, वेगवेगळ्या समाजाच्या पाच-सात तोंडांतून एकच नाव निघालं की वहीत लिहायचं.

पहिल्या वर्षी आम्ही हे नीट केलं नाही. देवळाच्या ओट्यावर बसून यादी केली आणि सातपैकी सहा नावं एकाच गल्लीतली निघाली. दुसऱ्या वर्षी गिरणीवर जाऊन बसलो तेव्हा समजलं की एक आजी गेली कित्येक वर्षं कोणाच्याही घरची बाई वारली की तिला न्हाऊ-माखू घालायला जाते, जात न विचारता. आम्हा पुरुषांना हे माहीतच नव्हतं.

निवड कोणी करायची? वाद होतात.

होतात. निवडीला तीन-चार माणसं असावीत, त्यांत निम्म्या बायका असाव्यात आणि निवडणुकीला उभं राहणारं कोणी नसावं. नावं ठरली की ग्रामसभेत वाचून दाखवावीत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास ग्रामसभा होतेच. तिथे कोणी आक्षेप घेतला तर ऐकून घ्यावा. मतदान मात्र घेऊ नका. भावकी ज्याची मोठी, तो जिंकेल.

ती माणसंच नको म्हणतात. मग काय करायचं?

आम्हाला हे दरवर्षी ऐकावं लागतं : “मी काय मोठं कयं? जाऊ द्या ना भाऊ, माले कसाले बोलावतस?” हा नकार लटका नसतो. त्यांना खरोखर संकोच वाटतो. अनेकांना घरातून बोलणीही बसलेली असतात, की गावाची कामं करत फिरतो आणि कपाशी तणात गेली.

म्हणून आधी घरी जा. फोनवर सांगू नका. चहा घ्या, घरच्यांशी बोला, विशेषतः त्याच्या बायकोशी. रात्रीअपरात्री नवरा उठून जातो तेव्हा दाराशी कंदील घेऊन ती उभी असते, आणि तिच्या वाटणीचं काम कोणी मोजत नाही. आम्ही आता दोघांना एकत्र बोलावतो. असं म्हटल्यावर नकार अर्धा गळतो. तरीही नाही म्हणाले तर ओढून नेऊ नका. एका जिभाऊंनी साफ नकार दिला, तर आम्ही त्यांच्या खळ्यावर जाऊन भाकरी खाल्ली आणि त्यांच्या कामाची गोष्ट ऐकून वहीत लिहून घेतली. त्यांना तेवढंच हवं होतं.

आशाताई, अंगणवाडीताई यांना यात धरायचं का?

त्यांच्या कामाचा मान जरूर ठेवा. पण कागदावर “स्वयंसेविका” लिहिलेलं असलं तरी आशाताईंचं काम नोकरीसारखं आहे आणि त्याचा मोबदला हा त्यांचा हक्क आहे. मोबदला थकलेला असताना शाल देऊन टाळ्या वाजवणं हा त्यांचा अपमान आहे. नेमून दिलेल्या कामापलीकडे जाऊन तिनं काही केलं असेल तर ते वेगळं नोंदवा, आणि थकलेल्या मोबदल्याच्या अर्जावर तिच्यासोबत गावाच्याही सह्या द्या.

बायकांची नावं यादीत येतच नाहीत.

कारण आपण त्यांच्या कामाला घरकाम समजतो. पंगतीचा स्वयंपाक, आजाऱ्याच्या उशाशी जागरण, बाळंतिणीचं पथ्यपाणी, एकट्या म्हाताऱ्याला रोजची भाकरी हे सगळं “बायका करतातच” या सदरात जातं. दळणाच्या गिरणीवर आणि बचत गटाच्या बैठकीत चौकशी केल्याशिवाय ही नावं हाती लागत नाहीत.

सरकारी वाटही आहे. २०२३ पासून राज्य शासनानं ग्रामपंचायत पातळीवर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर पुरस्कार सुरू केला : महिला व बालविकासाचं चांगलं काम करणाऱ्या गावातल्या दोन महिलांना ३१ मे या अहिल्यादेवींच्या जयंतीला सन्मानित करायचं. आपल्या ग्रामपंचायतीत याची विचारणा करा आणि नावं वेळेत सुचवा.

एक चूक आमच्याकडून झाली ती सांगतो. एका ताईंच्या मानपत्रावर “सौ.” लिहून पुढे नवऱ्याचं पूर्ण नाव छापलं, तिचं स्वतःचं नाव आम्ही विचारलंच नव्हतं. तिनं ते हसून घेतलं, पण घरी भिंतीवर लावलं नाही. आता माणसाच्या समोर बसून नाव लिहून घेतो आणि छापायच्या आधी त्यालाच दाखवतो.

सत्कारात द्यायचं काय? शाल-श्रीफळच का?

श्रीफळ द्या, टोपी-उपरणं द्या, तो आपला रिवाज आहे. शालींचं मात्र एकदा मनावर घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि पेटीत पडून राहिलेल्या शाली शेवटी दुसऱ्याच्या सत्काराला जातात.

त्याच्या कामाला लागेल ते द्या. पोहणाऱ्याला लाईफ जॅकेट आणि जाड दोर, सर्पमित्राला चांगली काठी, बूट आणि बॅटरी, रात्री गाडी काढणाऱ्याला डिझेलचे पैसे किंवा गाडीची सर्व्हिसिंग, शिकवणाऱ्या ताईला फळा आणि वर्षभराचे खडू. एका गावानं वर्गणी काढून मर्तिकाच्या कामासाठी स्ट्रेचर आणि शवपेटी घेतली, ती आता पाच गावांना उपयोगी पडते.

आणि विमा. ही माणसं जिवावर उदार होऊन काम करतात आणि बहुतेकांच्या नावावर छदामाचा विमा नसतो. प्रधानमंत्री सुरक्षा बिमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. वय १८ ते ७० आणि बँकेत किंवा पोस्टात खातं एवढंच लागतं. प्रधानमंत्री जीवनज्योती या आयुर्विम्याचा हप्ता वर्षाला ४३६ रुपये आहे, त्यात १८ ते ५० वयापर्यंत सामील होता येतं. हप्ता त्याच्याच खात्यातून कापला जातो, तेव्हा आम्ही सत्काराच्या आदल्या आठवड्यात त्याला बँकेत घेऊन जातो, फॉर्म भरतो आणि पुढच्या काही वर्षांच्या हप्त्याइतकी रक्कम खात्यात भरतो. दर मे महिन्यात खात्यात पैसे आहेत ना, हे पाहायची जबाबदारी आमच्यातल्या एकानं घेतली आहे.

मानपत्र कसं लिहावं?

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. हार दुसऱ्या दिवशी सुकतो. मानपत्र भिंतीवर राहतं आणि पाहुणे ते वाचतात.

“आपण समाजासाठी दिलेल्या अमूल्य योगदानाबद्दल” असं छापलेलं मानपत्र कोणालाही देता येतं, म्हणून ते कोणाचंच नसतं. काय केलं ते लिहा. किती वर्षं, कुठे, कोणासाठी, कशानं. आमच्या एका मानपत्रातला हा मजकूर :

“आप्पा, गेली अठरा वर्षं आपण गावच्या स्मशानातल्या हातपंपाचा वायसर स्वतःच्या पैशानं बदलत आला आहात. अंत्यविधी करून परतणाऱ्या माणसाला पाय धुवायला पाणी मिळावं, एवढंच आपलं म्हणणं. या अठरा वर्षांत तिथून कोणी कोरड्या पायानं परत गेलं नाही. गावाला हे माहीत आहे.”

हे वाचून झालं तेव्हा मंडपात कोणी टाळी वाजवली नाही. बराच वेळ शांतता होती. मग मागून एक म्हातारा उठला, पुढे आला आणि आप्पांच्या पाया पडला.

विशेषणं काढा आणि कामं घाला. लिहिणारा गावचाच असू द्या, फार शिकलेला नसला तरी चालेल. आणि मानपत्र द्यायच्या आधी त्या माणसाची सगळी गोष्ट वहीत लिहून ठेवा. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावानं लिहून घेतल्या म्हणून आज आपल्याकडे आहेत. गावातलं काम असंच असतं, कोणी लिहून घेतलं नाही तर माणसाबरोबर जातं.

कार्यक्रम कधी ठेवावा?

कापूस वेचणीत आणि पेरणीच्या घाईत नको. भाषणांसाठी तर कधीच नको. आम्हाला दोन वेळा मानवल्या. एक आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची संध्याकाळ, कारण माहेरवाशिणी गावात असतात आणि ज्या आजीनं त्यांना लहानपणी शिकवलं, सांभाळलं तिचा मान त्यांच्या डोळ्यांसमोर होतो. दुसरी श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवाआधीचा शनिवार. सुरत, नाशिक, पुण्याला गेलेली पोरं कानबाईला हमखास येतात. शहरात राहणाऱ्या पोराला कळतं की आपल्या आईला दवाखान्यात कोण घेऊन जातं, आणि वर्गणीचा प्रश्नही तिथेच सुटतो. ५ डिसेंबर हा जागतिक स्वयंसेवक दिन आहे, शाळा-कॉलेजला तो सोयीचा.

वेळ दीड तास. सत्कारमूर्ती पहिल्या रांगेत खुर्चीवर, पाहुणे त्यांच्या मागे. एका मोठ्या कार्यक्रमात (आयोजकांचं नाव नको) आमच्या गावच्या सत्तरीच्या आजींना सकाळी नऊपासून मंडपात बसवून ठेवलं. प्रमुख पाहुणे दीडला आले, आणि आजींचं नाव पुकारलं तेव्हा त्या झाडाखाली आडव्या झाल्या होत्या. पाहुण्याची वाट पाहू नका. वेळ झाली की गावातल्याच एखाद्या शाळकरी पोरीच्या हातून हार घाला. नंतर वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी ठेवा, आणि त्या दिवशी सत्कारमूर्तींना वाढपी होऊ देऊ नका. ते नकळत उठून वाढायला लागतात.

खर्च?

फार नाही. पुढाऱ्याकडून पैसे घेतले तर बॅनरवर त्याचा फोटो येईल आणि सत्कारमूर्तीचा तळहाताएवढा होईल. घरटी वर्गणी काढा, हिशोब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

सातपुड्यातल्या पाड्यांवर काय वेगळं करावं?

तिथे एकट्या माणसाचं नाव घेणं कधी कधी लोकांनाच रुचत नाही, कारण काम सगळ्या पाड्यानं मिळून केलेलं असतं. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा पाहा. गावानं चारशेहून जास्त हेक्टर जंगल राखलं, कुऱ्हाडबंदी पाळली, विहिरींना पाणी आलं. दरवर्षी तिथे रानभाज्यांची स्पर्धा भरते आणि बायका शेकडो पाककृती मांडून बसतात. त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आनंद सगळ्या पाड्याचा होता.

म्हणून धडगाव, अक्कलकुव्याकडे विचारणारांना आम्ही सांगतो : पाड्याचा सन्मान करा. मानपत्र पाड्याच्या नावानं द्या, कारभाऱ्यांसोबत बायका आणि पोरंही उभी राहू द्या, आणि ते भिली किंवा पावरीत वाचा. शहरातल्या सभागृहात बोलावू नका, आपण डोंगर चढून जा.

सरकारी पुरस्कारासाठी नाव कसं पाठवायचं?

पद्म पुरस्कारासाठी कोणीही कोणाचंही नाव सुचवू शकतं, स्वतःचंसुद्धा. केंद्राच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाईन अर्ज असतो, शिफारसपत्राची सक्ती नाही. कामाची माहिती जास्तीत जास्त ८०० शब्दांत लिहायची असते. इथेच वर सांगितलेली वही कामी येते, कारण तारखा, आकडे आणि कामाचा परिणाम लागतो. कामाची खोली असेल तरच पाठवा, पण छोटं गाव म्हणून बिचकू नका.

कोणी जिवावर उदार होऊन बुडणाऱ्याला, आगीत किंवा विजेच्या धक्क्यात सापडलेल्याला वाचवलं असेल तर जीवनरक्षा पदक आहे. यासाठी घटनेला दोन वर्षांहून जास्त काळ झालेला चालत नाही, तेव्हा कागद लगेच गोळा करा : पोलिसांची नोंद, साक्षीदारांचे जबाब, वर्तमानपत्रातली बातमी. प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत जातो. आपल्याकडे तापी, गिरणा, पांझरेत दरवर्षी कोणी ना कोणी कोणाला वाचवतं. प्रस्ताव मात्र क्वचितच जातो.

आपल्या भागातून मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन मोठे महामार्ग जातात. अपघातातल्या गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला केंद्राच्या राह-वीर योजनेत २५ हजार रुपये आणि प्रमाणपत्र मिळतं. पूर्वी ही रक्कम पाच हजार होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नुसार अशा मदतगाराला कोर्टकचेरीत अडकवता येत नाही, आणि त्याची इच्छा नसेल तर नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. हायवेलगतच्या धाब्यांवर आणि पंक्चरवाल्यांकडे ही माहिती लावून ठेवा, गाडी थांबवणारी माणसं तीच असतात. तरुण पोरापोरींसाठी जिल्हा युवा पुरस्कार आहे, त्याची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करा.

रक्तदात्यांचं काय?

नियमित देणाऱ्याचा करा. पुरुषांना ९० आणि बायकांना १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येतं, म्हणजे वर्षानुवर्षं तीन-चारदा देणारा माणूस किती शिस्त पाळतो पाहा. रक्तपेढीचं कार्ड मागून घ्या, तोंडी आकड्यावर जाऊ नका.

फोटो टाकायचे का?

विचारून. आणि ज्यांना मदत झाली त्यांचे फोटो, नावं कधीच नको. अंत्यविधीच्या आणि बाळंतपणाच्या कामात तर अजिबात नको.

वारलेल्या माणसाचा सन्मान करता येतो का?

करावाच. घरच्यांच्या हाती मानपत्र द्या, पण त्याचं काम आता कोण करणार हेही त्याच दिवशी ठरवा. आमच्याकडे पोहणाऱ्या एका बापूंच्या मानपत्राबरोबर त्यांचा दोर त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या दोन पोरांकडे दिला.

मानपत्र अहिराणीत चालेल का?

चालेल, आणि मोठ्यानं वाचा. ती न्हाऊ घालणारी आजी, जिचं नाव गिरणीवर कळलं, तिचं मानपत्र आम्ही अहिराणीत लिहिलं. पहिली ओळ होती : “गावमा कोनीबी बाई वारी गयी ते पहिला सांगावा यास्लेच जास.” आजी खाली मान घालून बसल्या होत्या. ही ओळ ऐकून त्यांनी मान वर केली आणि शेजारच्या सुनेला विचारलं, “मन्हंच शे का हाई?” (माझंच आहे का हे?)